मेहुण्याचा दोर

कड्याच्या पोटाला लटकलेल्या पोळ्यांचे गड्डे मधानं फुगून पांढरे दिसायला लागले, आणि दाजीच्या घरात कुणाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. दाजीनं जेवता जेवता पाण्याचा पेला ताटात ओतला. त्याच्या बायकोनं, ताईनं, धुतलेले कपडे पुन्हा धुतले. आणि दाजीची आई, जिला सगळी वस्ती म्हातारी म्हणायची आणि जी ते ऐकलं की शिव्या घालायची, ती अंगणात खाट टाकून, डोळ्यांवर आडवा हात धरून दिवसभर कड्याकडं बघत बसली. इतक्या लांबचं तिला काही दिसत नव्हतं. पण बघायचा मान तिचा होता.

"वारा फिरलाय," ती म्हणाली. "आता आभाळ येणार. आभाळ आलं की माश्या सगळा मध पिऊन उडून जातील. मग बसा रिकामी पोळी चाटत."

"आई, तुला खाटेवर बसून कड्यावरचा वारा कसा कळला?" दाजी म्हणाला.

"गुडघा सांगतो."

"मग गुडघ्याला विचार, यंदा दोर कोण धरणार."

यावर गुडघा काही बोलला नाही. ताई उगाचच चुलीपाशी गेली. बुंधा ओट्यावर बसून दोराचा पीळ न् पीळ तपासत होता, त्यानं मान वर केली नाही.

बुंधा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी खेळात याला एकदा जागेवर उभा केला की पोरं मागून ढकलून दमायची, हा हलायचा नाही, म्हणून बुंधा. पुढं हे नाव धंद्याच्या उपयोगी पडलं. कड्यावरनं मध काढणाऱ्यांत एक नियम होता: खाली लोंबकळणाऱ्या माणसाचा दोर त्याच्या मेहुण्यानं धरायचा. भावानं नाही, मित्रानं नाही. भावाच्या मनात जमिनीची वाटणी असते आणि मित्राच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही. मेहुणा मात्र कितीही नालायक निघाला तरी स्वतःच्या बहिणीला विधवा करणार नाही, असा जुन्या लोकांचा हिशेब. त्यामुळं या घरांत मुलगी बघायला गेले की आधी तिचा भाऊ बघायचे. दंड कसे आहेत, पाय जमिनीत रुततात का, जेवून लगेच झोपतो का. दाजीनं ताईला पसंत केलं ते बुंध्याला बघून, असं वस्ती म्हणायची, आणि चिडली की ताई स्वतःही म्हणायची.

जुन्या लोकांच्या हिशेबात एकच गोष्ट धरायची राहिली होती. गोळी.

मागं कधीतरी मधाचे डबे वाहताना बुंध्याच्या पाठीत उसण भरली होती. बाजारात एक बियाणेवाला होता, त्याच्या फळीवर बियांच्या मागं दुनियेची औषधं असत. माणूस मोठा कनवाळू. त्यानं एक पांढरी गोळी दिली. उसण गेली. मग उसण नसतानाही गोळी, मग गोळी नसली की उसण, असं करत करत भूक गेली, झोप गेली, बायको माहेरी गेली. आणि गेल्या हंगामात दाजी कड्याच्या मध्यावर असताना बुंधा दोर धरून उभ्या उभ्या पेंगला. बुंधाच तो, पडला नाही. पण हात सैल सुटले. दाजी गपकन खाली गेला, झोका खाऊन कड्यावर आपटला आणि गळ्याजवळचं हाड मोडून वर आला.

त्यानंतर घरात कारणांचं पीक आलं. ताई म्हणाली, दोर दवानं ओला होता. शेजारी म्हणाले, नजर लागली. धुरकरी, म्हणजे माश्यांना धूर देणारा माणूस, म्हणाला, वाऱ्याचा दोष. म्हातारी म्हणाली, बायकोनं टाकलं की माणूस असाच वागतो, आणि त्याच दमात म्हणाली, असल्याला बायको टाकणार नाही तर काय ओवाळणार? या सगळ्यात बुंध्याला तोंड उघडायचीच गरज पडली नाही. शेवटी ताईनंच त्याला हाताला धरून, शाळेत घालावं तसं, दवाखान्यात नेऊन घातलं. तिथं तो कुडकुडला, ओकला, भिंतीवर डोकं आपटून बघितलं, भिंत ऐकत नाही म्हटल्यावर गप्प झाला, आणि थंडी सरताना अंगावर थोडं मांस घेऊन परत आला. आला तो दाजीकडंच राहिला. दुसरीकडं कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं.

तेवढं वर्ष घर ताईच्या हातांवर चाललं. ती लोकांच्या रानात राबली, दगड उचलले, पाणी ओढलं. दाजी एक हात गळ्यात बांधून घरी बसला आणि मोकळ्या हातानं सल्ले देत राहिला. यंदाही मध हुकला तर अजून एक वर्ष ओढायला ताईच्या अंगात काही शिल्लक नव्हतं. हे कुणी बोलत नव्हतं, पण ती वाकून उठताना कमरेवर हात ठेवायची तेव्हा सगळेजण दुसरीकडं बघायचे.

"मेहुणा मला एकच आहे," दाजी म्हणाला. "दुसरा आणायचा तर दुसरी बायको करावी लागेल."

"करा की," ताई आतून म्हणाली. "भांडी तरी वाटून घासू."

"आई, बुंधा आता बरा झालाय."

"उशाशी साप घेऊन झोप," म्हातारी म्हणाली, "पण याच्या हातात दोर देऊ नकोस."

"सापाला दोर धरता येत नाही, आई."

"याला तरी कुठं आला?"

बुंध्यानं दोराची गाठ सोडली आणि पुन्हा तीच मारली. दाजी त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. "मेहुणे, धराल का?"

"धरीन," बुंधा म्हणाला. वर्षभरात त्याच्या हातात कुणी सुरीसुद्धा दिली नव्हती, आणि आता माणूस देत होते.

म्हातारी काठी टेकून उठली. "असं आहे का? मग आधी मला सोडा खाली."

घरामागं दगडाची जुनी, कोरडी खाण होती. बातमी फुटली आणि हां हां म्हणता सगळी वस्ती कडेला येऊन उभी राहिली. दाजीनं आईला शिंकाळ्यात बसवून दोर बांधला. काठी तिनं सोडली नाही. खाली कुणी भेटलं तर, म्हणाली. बुंध्यानं दोर झाडाला वेढा मारून कमरेमागनं घेतला आणि पाय रोवले.

रीतीप्रमाणं पाय सोडायच्या आधी खालच्यानं विचारायचं असतं, दोर कुणाच्या हातात? वरच्यानं म्हणायचं, माझ्या. असं तीनदा. तिन्ही उत्तरं आल्याशिवाय कुणी कड्यावरून पाय काढत नाही.

"दोर कुणाच्या हातात?" म्हातारी गरजली.

"माझ्या."

"माझ्या म्हणजे कुणाच्या? आम्ही आंधळी माणसं."

"बुंध्याच्या."

"कुठला बुंधा? गोळ्या खाणारा?"

"सोडलेला."

लोक खदखदून हसले. बुंध्याचे कान तापले. पण दोर सुरळीत सुटला, म्हातारी डुलत डुलत अर्ध्यावर गेली आणि तिथनं ओरडली, "थांबव! आता मी सांगेपर्यंत असाच धर."

आणि ती लोंबकळत राहिली. लोंबकळता लोंबकळता तिनं सुनेला संध्याकाळच्या भाजीत मीठ बेताचं टाकायला सांगितलं. वर धुरकऱ्याची बायको उभी होती, तिच्याशी जुनं भांडण अर्धवट राहिलं होतं, ते पूर्ण केलं. मग थोडी डुलकी काढली. बघणारे कंटाळून घरी जायला लागले. बुंध्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. पाठीत खोल कुठंतरी जुनी उसण जागी झाली, तिनं आळोखेपिळोखे दिले आणि आपली जागा धरली. पण दोर बोटभर हलला नाही.

"घे वर," शेवटी म्हातारी म्हणाली. वर आल्यावर लुगडं झटकून तिनं निकाल दिला, "धरतो मेला. पण मी चिपाड आहे. माझा लेक भरलेला आहे."

"उद्या सकाळी कडा," दाजी म्हणाला, आणि वस्तीत जल्लोष झाला. ताईनं पदराच्या आड डोळे पुसले. धुरकरी आनंदानं खोकला. त्याला खोकल्याचा जुना आजार होता, म्हणूनच धुराचं काम त्याच्याकडं होतं. खोकला वाया जाऊ नये.

बुंध्यालाही हसायचं होतं, पण श्वास घेतला की पाठीत सुरी फिरत होती. आणि ते सांगायची सोय नव्हती. दवाखान्यातनं आल्यावर एकदाच तो सहज म्हणाला होता, "पाठ दुखतेय." त्यावर ताईचा चेहरा पांढरा पडला, दाजीनं त्याची उशी उसवून बघितली, आणि म्हातारीनं आपल्या गुडघ्याचं तेलसुद्धा धान्यात लपवलं. गोळी सोडलेल्या माणसानं 'दुखतंय' म्हटलं की त्याचा अर्थ लोक एकच लावतात. तेव्हापासून बुंध्याला दुखणं बंद झालं होतं. निदान घरच्यांपुरतं.

दुपारी मधासाठी रिकामे डबे आणायला तो बाजारात गेला. बियाणेवाला दुकानाच्या पायरीवर वारा घेत बसला होता.

"पाठ धरली वाटतं."

"नाही."

"मला शिकवतोस? चालण्यावरनं कळतं." त्यानं आवाज खाली आणला. "उद्या दोर तुझ्याकडं आहे म्हणे. अशा पाठीनं? अरे, स्वतःचा नको, निदान दाजीचा तरी विचार कर." आणि त्यानं कागदाची बारकी पुडी बुंध्याच्या तळहातावर ठेवली. "दोनच आहेत. हंगामापुरत्या."

"नको, नको," बुंधा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची मूठ मिटली. माणसाच्या तोंडाचा आणि मुठीचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

सकाळी उजाडताना त्याला चपलेचा बंद बांधायला वाकता येईना. अंगणात गडबड उडाली होती. दाजी कोयत्याच्या लांब काठीला दोरी आवळत होता, ताई डबे मोजून परत मोजत होती, म्हातारी सगळ्यांवर एकाच वेळी ओरडत होती. बुंधा गोठ्यामागं गेला. एक गोळी मोडून त्यानं अर्धी केली. अर्धी गोळी म्हणजे काही गोळी नव्हे, असं त्याला अगदी स्वच्छ वाटलं. शिवाय ही त्याच्या स्वतःसाठी नव्हतीच, दाजीसाठी होती. इतक्या निःस्वार्थ भावनेनं त्यानं आजवर काही गिळलं नव्हतं.

कडा चढेपर्यंत पाठ मऊ झाली. माथ्यावर वारा सुटला होता आणि लांब क्षितिजावर काळ्या ढगांची पहिली ओळ उभी राहिली होती. चार थकलेली माणसं सोडली तर सगळी वस्ती वर आली होती. खालनं माश्यांचा घुंऽऽ असा आवाज येत होता, जणू सगळा कडाच पोटात काहीतरी घोकतोय. बुंध्याला तो आवाज फार गोड लागला. अंगात ऊब होती, दंडांत जोर होता, सगळी माणसं चांगली वाटत होती, बियाणेवालासुद्धा.

"बुंधा आज रंगात दिसतोय!" कुणीतरी म्हणालं.

"मेहुणा शोभतो!"

त्यानं दोर झाडाला वेढला, कमरेमागनं घेतला, पाय रोवले. धुरकऱ्यानं ओल्या पाल्याची शेकोटी पेटवली आणि धुमसता भारा खाली सोडला. दाजी कमरेला दोर बांधून, तोंडाला फडकं गुंडाळून काठावर येऊन उभा राहिला. पाठ दरीकडं, तोंड बुंध्याकडं. हसत होता, पण कमरेची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होता. सदऱ्याच्या गळ्याशी मोडून जुळलेल्या हाडाचा उंचवटा दिसत होता.

"दोर कुणाच्या हातात?"

"माझ्या!" बुंधा इतक्या जोरात ओरडला की टाळ्या पडल्या.

"दोर कुणाच्या हातात?"

"माझ्या."

वारा आला. धूर वर चढून पांढरा झाला. बुंधा त्या पांढऱ्याकडं बघत होता. फार छान पांढरं होतं.

"अरे, बोल की!" दाजी म्हणाला.

"विचार ना तिसऱ्यांदा."

"विचारलं की. दोनदा विचारलं तिसऱ्यांदा."

दाजीचा प्रश्न बुंध्याला ऐकूच आला नव्हता. डोळे उघडे होते, पाय रोवलेले होते, दोर हातात होता, आणि तो स्वतः तिथं नव्हता. किती वेळ नव्हता, तेही त्याला सांगता येत नव्हतं. दाजीची टाच काठाच्या बाहेर गेली होती. फक्त 'माझ्या' म्हणायचं बाकी होतं. सगळी वस्ती तो शब्द ऐकायला जमली होती. ताईनं दोन्ही हात तोंडाशी धरले होते, पोरगी बक्षिसाची वाट बघते तसे.

"दाजी, पाय आत घे," बुंधा म्हणाला.

"काय झालं?"

"आधी आत घे. नीट. हां." त्यानं दोर कमरेवरनं काढून जमिनीवर ठेवला. "मी गोळी घेतलीय. सकाळी. अर्धी."

माश्या तेवढ्या बोलत होत्या. धुरकऱ्याला खोकला आला होता, तोही त्यानं गिळला.

"अर्धीच ना?" ताई पुढं आली. तिची जीभ सवयीनं आपोआप चालायला लागली. "पाठ दुखत असेल हो त्याची. काल आत्याबाई किती वेळ लोंबकळत होत्या. आणि त्याला मुद्दाम कुणीतरी..."

"ताई, माझ्या वतीनं बोलू नकोस." तो ओरडला नाही. "आजवर तूच बोललीस. दोर ओला नव्हता गेल्या वर्षी. मी पेंगलो होतो. आत्ताही पेंगलो होतो. दाजीनं विचारलेलं मला ऐकू आलं नाही."

"कुणी दिली गोळी?" मागनं एकजण बाह्या सरसावत आला. "तो बियाणेवाला ना? चला रे, आधी त्याचं दुकान उलथं करू!" बऱ्याच जणांना ही कल्पना एकदम पसंत पडली. मध नाही तर निदान मारामारी, फेरी फुकट जाऊ नये.

"त्याला संध्याकाळी बडवा," बुंधा म्हणाला. "त्यानं हातावर ठेवली. तोंडात मी टाकली. दाजी खाली गेला असता तर माझ्या हातून गेला असता, त्याच्या नाही."

दाजी काठापासून लांब येऊन बसला. फडकं सोडून त्यानं तोंड पुसलं. काठाकडं बघत तो म्हणाला, "मेहुणे, तीनदा विचारायची रीत काढणाऱ्याला तुमच्यासारखाच कुणीतरी भेटला असणार."

म्हातारी काठी आपटत बुंध्यासमोर आली आणि तिनं हात पसरला. "उरलेल्या काढ."

त्यानं दीड गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती थेट धुराच्या शेकोटीत फेकली.

"आई, धुरात नको," दाजी क्षीण आवाजात म्हणाला. "माश्यांना सवय लागली तर दवाखान्यात कोण नेणार?"

कुणीतरी हसलं, आणि हसता हसता सगळ्यांचं लक्ष ढगांकडं गेलं. काळी ओळ आता निम्म्या आभाळापर्यंत आली होती. आज नाही तर यंदा नाही. धुरकरी म्हणाला, "दुसरा मेहुणा कुठनं आणायचा आता?" लोक खाली मान घालून वाटेला लागायच्या बेतात होते.

"दोर मेहुण्यानंच का धरायचा?" ताईनं विचारलं.

"काय विचारतेस? बहिणीला विधवा करणार नाही म्हणून," धुरकरी म्हणाला.

"ती बहीण कोण?"

"तू."

"मग बहिणीला स्वतःला विधवा व्हायची फार हौस असते का?"

इतक्या पिढ्या मध काढून झाला, पण हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. "असं कधी झालेलं नाही," धुरकरी म्हणाला.

"झालेलं नाही म्हणजे कुणी विचारलेलं नाही," म्हातारी म्हणाली. "धर गं. वर्षभर अख्खं घर ओढलंस, त्यापेक्षा हा एकटा काय जड आहे?"

ताईनं पदर खोचला. दाजीचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. "अगं, परवा आपलं भांडण झालं होतं. ते मिटलं ना?"

"तुम्ही खाली जा," ताई म्हणाली. "मग बघू."

तिचं वजन कमी पडत होतं. बुंध्यानं लांबूनच सांगितलं, "झाडाला अजून एक वेढा मार. पाय त्या दगडाला लाव." मग त्याचे हात दोराकडं जायला लागले. ते त्यानंच बघितले आणि म्हातारीकडं वळून म्हणाला, "आत्याबाई, माझे हात मागं बांधा. दोर दिसला की हे ऐकत नाहीत." म्हातारीनं फडक्यानं ते असे आवळले की नखं निळी पडली. सगळ्या वस्तीसमोर तो बांधलेल्या बैलासारखा उभा राहिला. पोरं बोटं दाखवून हसली. म्हातारी त्याच्या बाजूला काठी घेऊन उभी राहिली. त्याची पापणी जड झाली की बरगडीत काठी.

"दोर कुणाच्या हातात?"

"माझ्या," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा स्थिरावला. तिसऱ्यांदा असा निघाला की माश्यासुद्धा क्षणभर गप्प झाल्यासारख्या वाटल्या.

दाजी काठावरनं नाहीसा झाला.

"सावकाश," बुंधा सांगत होता. "हाताला हात लावून सोड. वारा आला, थांब. जाऊ दे. आता सोड."

दोर करकरला. खाली पोळ्याच्या पातळीला दाजी पोचला आणि माश्या उठल्या. आधी पोळ्यावर एक लाट फिरली, मग सगळं काळं आभाळ उलटं होऊन वर आलं. लोक जमिनीवर पालथे पडले. ताई हलली नाही. तिच्या गालावर, मानेवर माश्या बसल्या, तिनं डोळे बारीक केले, दात आवळले.

"ढील दे, ताई. त्याचे पाय टेकले."

"खालनं हाक आली नाही."

"मला वाटलं आली."

"तुला वाटलं," ताई म्हणाली आणि दोर तसाच धरून ठेवला. क्षणानं खालनं दाजीची हाक आली, "धरून ठेव गंऽऽ! अजून नको!" काठी बसण्याआधीच बुंध्याचे डोळे टक्क उघडले. त्यानंतर तो फक्त वाऱ्याचं बोलला, खालच्याचं बोलला नाही.

मग पहिला डबा वर आला. काठोकाठ, वर फेस, त्यात बुडालेल्या चार माश्या. म्हातारीनं बोट घातलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटले. तिला लांबचं दिसत नसे, पण हे दिसलं. "आहे," ती म्हणाली. एवढ्या एका शब्दावर पालथी पडलेली सगळी वस्ती माश्या विसरून उठली. दुसरा डबा आला, तिसरा आला. लोक धावायला लागले, दोऱ्या ओढायला लागले, कुणाच्या नाकावर माशी, कुणाच्या कानाला मध, धुरकरी खोकत खोकत नाचत होता. ढगांनी आता सूर्य धरला होता आणि वारा वाढत होता. शेवटचं पोळं सुटलं तेव्हा पावसाचे दोन टपोरे थेंब ताईच्या मनगटावर पडले.

"घे वर!" खालनं आवाज आला.

आता जोर लागणार होता. ताई मागं झुकली, टाचांनी माती उकरली, मनगटाच्या शिरा तट्ट फुगल्या. चार बायका आपणहून तिच्या मागं जाऊन लागल्या. नियम एकदा मोडला की मोडायला मनुष्यबळ मिळतं. दाजी काठावर आला, एक डोळा मिटलेला, ओठ सुजून पावाएवढा, सगळं अंग मधानं चिकट. तो तसाच ताईच्या पायाशी लोळला.

"मितलं का भांदन?" त्यानं सुजलेल्या ओठांनी विचारलं.

"वर घेतलं ना," ताई म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

म्हातारीनं बुंध्याचे हात सोडले. दाजीनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. "पुधच्या हंगामात?"

"पुढच्या हंगामातही ताईच," बुंधा म्हणाला. "त्यानंतर मला विचार. तेव्हाही तीनदा विचार. आणि दाजी, उद्या मी परत दवाखान्यात जातोय. कुणी सोडायला यायचं नाही. वाट मला ठाऊक आहे."

पाऊस धरायच्या आत डबे खाली न्यायचे होते. जो तो एकेक उचलून वाटेला लागला. बुंध्यानं सगळ्यात मोठा डबा खांद्यावर घेतला. सकाळची ऊब आता उतरली होती, आणि पाठ आपला हक्क मागायला परत आली होती, व्याजासकट. पहिल्याच पावलाला त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मागनं येणाऱ्या ताईनं त्याची चाल बघितली.

"दुखतंय?"

'नाही' हा शब्द ओठांवर तयारच होता. तो त्यानं थुंकून टाकला.

"दुखतंय."

वाटेवरचे सगळे थांबले. ताईचा चेहरा पुन्हा तसाच पांढरा होऊ लागला.

"गोळी मागत नाही," बुंधा म्हणाला. "नुसतं सांगतोय. फार दुखतंय, ताई. कालपासनं दुखतंय. जीव जातोय."

"मग ठेव तो डबा."

"डबा राहू दे. तो मी नेतो."

"अरे, मग दुखतंय तर बोंबल की मुडद्या!" म्हातारी मागनं किंचाळली. "गप्प बसून कुणाचं दुखणं कमी झालंय? जगात बोंबलायला कर आहे का?"

बुंध्यानं एक पाऊल टाकलं आणि हळूच म्हणाला, "आई गं."

"ऐकू नाही आलं!"

"आई गंऽऽ!"

"हां. असं!"

दुसऱ्या पावलाला तो त्याहून मोठ्यानं ओरडला. तिसऱ्याला कड्यानं साथ दिली. मग त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही. पावलागणिक एक आरोळी ठोकत, घामानं निथळत, डब्यातला थेंबही सांडू न देता तो उतार उतरायला लागला. पोरं त्याच्या मागं तशाच आरोळ्या देत नाचत निघाली. ताईला हसू आवरेना, दाजीला हसताना ओठ दुखायला लागला म्हणून तोही ओरडला.

खाली वस्तीत राहिलेली चार म्हातारी माणसं या गलक्यानं घाबरली आणि काठ्या टेकत, धापा टाकत, अर्ध्या वाटेपर्यंत वर धावत आली.

"काय झालं? कोण पडलं? कोण पडलं रे?"

"कुणीच नाही पडलं!" बुंधा ओरडला. "माझी पाठ दुखतेय!"

आणि डबा दुसऱ्या खांद्यावर घेऊन त्यानं पुढचं पाऊल टाकलं.